औषध पखालीला

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण रविवारी आमच्या घरी मराठी शिकावयास येणाऱ्या मुलांना आम्ही किती वेळा समजावून सांगितली असेल, याची गणती नाही. पखाल म्हणजे पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी. ती रेड्याच्या पाठीवर लादलेली असते. आजारी पडतो रेडा आणि वैद्यबुवा औषध चोळतात पखालीला, एवढे सांगितले की मुले हसतात आणि पाठ पुढे सरकतो. या म्हणीचा खरा अर्थ मात्र आम्हांला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या खिशातून पैसे मोजून समजला. पैसे गेले त्याचे फारसे दुःख नाही. त्यापायी जे आणखी जाण्याच्या बेतात होते, त्याची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. म्हणून हा प्रसंग या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नेपानगर म्हटले की जुन्या वाचकांना वर्तमानपत्राचा कागद आठवेल. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालेला येथील कारखाना हा देशातील वृत्तपत्रकागदाचा पहिला कारखाना. सातपुड्याच्या रानातील सालई आणि बांबू यांपासून येथे कागद होई. त्या कारखान्याच्या आधाराने खानदेशातून, वऱ्हाडातून मराठी माणसे इकडे आली आणि इकडचीच झाली. २०१६ साली नूतनीकरणासाठी कारखान्याचे उत्पादन थांबले, ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले. मधली सहा वर्षे गावाला शांततेची सवय करून घ्यावी लागली. ज्यांची हयात यंत्रांच्या आवाजात गेली, त्यांना ती शांतता किती जड गेली असेल, हे आमच्यासारख्या खडू-फळ्याच्या माणसाला कळणे कठीण.

आमचे शेजारी आप्पा हे अशांपैकीच एक. मूळचे रावेरकडचे, कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. कागदयंत्राचे अनेक रोलर अहोरात्र फिरत असतात आणि त्या प्रत्येकाला बेअरिंग असते. लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवावे, मूठ कानामागच्या हाडाला लावावी आणि डोळे मिटून ऐकावे, हे आप्पांचे आयुष्यभराचे काम. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप जन्माला आला. ही हकीगत आम्ही एकदा आप्पांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिथंही कागदच कामाला आला म्हणायचा!"

आता मूळ गोष्टीकडे वळू. आमच्यापाशी एक जुनी, चौदा वर्षे चाललेली छोटी मोटार आहे. गेल्या दिवाळीनंतर तिने एक खोड काढली. चार-पाच दिवसांतून एखाद्या सकाळी किल्ली फिरविली की, इंजिन सुरू होण्याऐवजी 'खर्रर्र' असा, जात्यात खडा सापडावा तसा आवाज येई. अंगावर शहारा यावा असा तो आवाज होता. दुसऱ्यांदा, फार तर तिसऱ्यांदा किल्ली फिरविली की गाडी निमूटपणे सुरू होई, आणि मग दिवसभर तक्रार नसे. जी तक्रार दुसऱ्या प्रयत्नात मिटते तिला आपण तक्रार मानीत नाही, हा मनुष्यस्वभाव. आम्हीही पंधरा दिवस ती मानली नाही.

पुढे एका मोठ्या शहरी कामानिमित्त गेलो असता तेथील एका झगझगीत दुकानात गाडी दाखविली. तेथील तरुणाने आवाज ऐकलाच नाही. कारण त्या दिवशी गाडीने तो काढलाच नाही. "सुरू होताना त्रास देते ना? मग बॅटरी," असे निदान झाले. नवी बॅटरी बसली. पाच हजारांवर रक्कम गेली. आठवड्याने पुन्हा 'खर्रर्र'. मग दुसऱ्या एका ठिकाणी 'सेल्फ' म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटार उतरवून, तिची झिजलेली दातेरी चकती बदलून मिळाली. त्याचे आणखी साडेतीन हजार. तीन आठवडे सुखाचे गेले आणि पुन्हा तोच खडा जात्यात आला.

या सर्व काळात आप्पा कुंपणापलीकडून आमच्या गाडीचे प्रभातगान ऐकत होते. एके दिवशी त्यांनी हाक मारली.

"सर, राग मानू नका, पण हा बॅटरीचा आवाज नाही. बॅटरी मेली की गाडी मुकी होते, अशी दात खात नाही."

"अहो आप्पा, सेल्फसुद्धा झाला नवा. हे बिल बघा," आम्ही म्हणालो.

"बिलाला काय कान असतात? गाडी थंड असताना करते की गरम झाल्यावरही? किल्ली फिरवल्याबरोबर करते की सुटल्यावर? धक्का देऊन जरा हलवली की थांबतं का?"

आम्हांला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. देता आले नाही म्हणण्यापेक्षा, द्यावेसे वाटले नाही. मनात कोठेतरी असे होते की, ज्यांच्याकडे संगणकावर छापलेले बिल मिळते त्यांना समजले नाही ते या निवृत्त फिटरला, ज्याने स्वतःची मोटार कधी बाळगली नाही, काय समजणार! वाचकहो, हे लिहिताना लाज वाटते. पण लिहिले नाही तर या लेखाला अर्थ उरत नाही.

पौषातील एक रात्र. दीड वाजला असेल. दारावर थाप पडली. आप्पा उभे होते. अंगात स्वेटर उलटा घातलेला. काकूंच्या छातीत कळा येत होत्या आणि घामाने त्या न्हाऊन निघाल्या होत्या. त्यांचा मुलगा पुण्याला. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दूरच्या खेड्याकडे गेलेली. "सर, बुऱ्हाणपूरला न्यावं लागेल," एवढेच ते बोलले.

काकूंना मागच्या आसनावर बसविले. त्यांना धरून आमच्या सौ. बसल्या. आम्ही किल्ली फिरविली. 'खर्रर्र'. पुन्हा फिरविली. 'खर्रर्र'. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. त्या थंडीत आमच्या हाताला घाम फुटला. ज्या आवाजाकडे दोन महिने दुर्लक्ष केले तो आवाज आता एका माणसाच्या प्राणाच्या आड येऊन उभा होता. आणि तो माणूस म्हणजे ज्याने आम्हांला सावध केले त्याचीच पत्नी.

आप्पा शांतपणे खिडकीशी आले. "सर, थांबा. किल्ली काढून घ्या. चौथ्या गिअरला टाका. हँडब्रेक सोडा आणि खाली उतरून दाराला खांदा लावा." ते स्वतः मागे गेले. दोघांनी रेटा दिला. गाडी जड लागली, पण चार-सहा बोटे पुढे सरकली. "बस. आता आत बसा. हँडब्रेक ओढा. न्यूट्रल करा. मारा सेल्फ."

किल्ली फिरविली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

वाटेत आप्पा गाडीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. 'मी सांगत होतो' हे तीन शब्द उच्चारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. तो त्यांनी तेव्हाही वापरला नाही आणि पुढेही कधी वापरला नाही. रुग्णालयातील डॉक्टरांनी पहाटे बाहेर येऊन सांगितले, "वेळेवर आणलंत." काकू आज बऱ्या आहेत, संक्रांतीला त्यांनी पाठविलेले तिळगूळ खाताना आमच्या घशात आवंढा आला.

आता त्या चार-सहा बोटांचे रहस्य सांगतो. कारण ते कळले तर वाचकांपैकी एखाद्याची रात्र निभावेल. इंजिनाच्या एका टोकाला एक जड चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या परिघावर दातांचे पोलादी कडे बसविलेले असते; ही रिंग. किल्ली फिरविली की सेल्फच्या टोकाची लहानशी दातेरी चकती पुढे सरकून रिंगच्या दातांत शिरते आणि फ्लायव्हील फिरविते. लहान चकतीचे दात थोडे, रिंगचे पुष्कळ. त्यामुळे सेल्फच्या दहा-पंधरा फेऱ्यांत इंजिनाचा एक फेरा होतो. इंजिन सुरू झाले की चकती मागे येते.

यात मौज अशी की, इंजिन बंद केल्यावर ते वाटेल त्या ठिकाणी थांबत नाही. सिलिंडरमधील हवा दाबली जाताना विरोध करते, आणि मंदावलेले इंजिन त्या विरोधापाशी येऊन अडते. चार सिलिंडरांच्या इंजिनात अशा अडण्याच्या जागा समोरासमोर दोन, तीन सिलिंडरांच्या इंजिनात तीन. म्हणजे वर्षानुवर्षे दररोज सकाळी लहान चकती रिंगच्या त्याच त्या दातांवर आपटते. तेवढेच दात झिजतात; बाकीचे कोरे राहतात. इंजिन झिजल्या जागी थांबले की 'खर्रर्र'. थोडे इकडेतिकडे थांबले की आवाज नाही. म्हणूनच गाडीची खोड रोजची नव्हती, आणि दुकानात नेली की ती सोज्वळ वागत होती. गाडी गिअरमध्ये ठेवून चार बोटे ढकलली की चाकांबरोबर इंजिनही किंचित फिरते आणि चकतीसमोर कोरे दात येतात. मात्र हे करताना किल्ली काढलेली असावी, जमीन सपाट असावी आणि ढकलणाराने गाडीच्या पुढे कधीही उभे राहू नये. ही युक्ती हाताने गिअर बदलावयाच्या गाडीलाच लागू आहे, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय हा रात्र निभावण्याचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

दुरुस्ती पुढे बुऱ्हाणपुरात एका साध्या कारखान्यात झाली. आप्पा सोबत होते. गिअरबॉक्स उतरविला; रिंग पाहिली; समोरासमोर दोन ठिकाणी पाच-सहा दातांची टोके खाल्लेली. मध्यंतरी बसविलेली नवी चकतीही या खाल्लेल्या दातांनी बिघडविली होती. ती पुन्हा बदलावी लागली. म्हणजे एक दुखणे ठेवून दुसरे बरे केले की, बरे केलेलेही पुन्हा आजारी पडते. रिंग फ्लायव्हीलवर तापवून चढविलेली असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जशी लोखंडी धाव लालभडक करून चढवितो आणि ती थंड होताना चाकाला आवळून बसते, तोच न्याय. आप्पांनी सुचविले, "निम्म्याहून जास्त दात कोरे आहेत. रिंग काढा, पाव फेरा फिरवा आणि तापवून पुन्हा चढवा." तसे केले. आता इंजिन थांबते त्या दोन्ही जागी कोरे दात येतात. नव्या गाड्यांत फ्लायव्हीलवर विजेच्या उपकरणांसाठी खुणा असतात. तेथे हा प्रयोग जाणकाराला विचारल्यावाचून करू नये, नवी रिंग बसवावी. आमची गाडी जुन्या पिढीची असल्यामुळे हे साधले.

त्यानंतर आम्ही आप्पांकडे रीतसर शिकवणी लावली. गाडी सुरू करताना होणाऱ्या आवाजांचे त्यांनी जे पाठ दिले ते थोडक्यात असे.

किल्ली फिरविली आणि 'टक्' असा एकच आवाज होऊन सारे शांत झाले, तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे मालवल्यासारखे मंद झाले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत. दिवे तसेच प्रखर राहिले तर वीज सेल्फपर्यंत पोहोचून काम करीत नाही असे समजावे. पुष्कळदा सैल झालेली एक तार आवळण्याने काम भागते. नवी बॅटरी घेण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

'टकटकटकटक' असा सुतारपक्ष्यासारखा आवाज आला तर बॅटरी बहुधा अशक्त. सेल्फ सुरू होताना शंभराहून अधिक अँपिअर वीज ओढतो. तेवढी देताना बॅटरीचा दाब कोसळतो, सेल्फचा खटका सुटतो. खटका सुटताच दाब सावरतो आणि खटका पुन्हा बसतो. ही धरसोड म्हणजेच ती टकटक. विश्रांती घेतलेली सुदृढ बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये; इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावी. हे मोजण्याचे यंत्र कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते. आमच्या निमाडात उन्हाळ्याचा पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य खरे कमी होते. पण ते उघडकीस येते थंडीच्या पहाटे. दोष उन्हाळ्याचा आणि बोल हिवाळ्याला.

सेल्फ 'सूंऽऽ' करून मोकळाच फिरला आणि इंजिन हललेच नाही, तर सेल्फमधील चकतीची पकड गेली असे समजावे. इंजिन सुरू झाल्याबरोबर 'कीऽऽ' अशी किंकाळी आली, विशेषतः पावसाळ्यात, तर पट्टा सैल झालेला, ओलावलेला किंवा गुळगुळीत झालेला असतो. सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद 'टिकटिक' होऊन थांबली तर रात्री वरच्या भागातून तेल खाली उतरलेले असते. एकदा तेलाची कांडी पाहून घ्यावी. ती टिकटिक थांबेनाशी झाली तर मात्र दुर्लक्ष नको. खोलवरून 'ठक्‌ ठक्‌' असा जड ठोका येऊ लागला आणि तेलाचा लाल दिवा विझला नाही, तर तत्क्षणी इंजिन बंद करावे. अशा वेळी 'घरापर्यंत तरी नेऊ' हा विचार फार महाग पडतो.

थंड इंजिनातून 'फटफट' ऐकू येते आणि गरम झाल्यावर ती कमी होते. हा धुराच्या नळीच्या सांध्यातील फटीचा आवाज. धातू तापून फुगला की फट मिटते आणि माणसाला वाटते, दुखणे गेले. ते गेलेले नसते. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत अशी गाडी चालू ठेवणे म्हणजे मृत्यूला घरात घेणे. पत्रा थरथरल्यासारखी 'खडखड' बहुधा नळीवरील सैल झालेल्या पत्र्याची. ती एका स्क्रूने थांबते. आणि आमच्यासारख्या रानालगतच्या गावात सकाळी बॉनेटवर एक थाप मारूनच किल्ली फिरवावी. आत उबेला मांजर झोपलेले असते, नाहीतर उंदीर तारा कुरतडीत असतो.

या पाठांत आम्हांला एक गोष्ट जाणवली. खरखर, घरघर, करकर, कुरकुर, खडखड, टकटक, टिकटिक या शब्दांना व्याकरणात अनुकरणवाचक म्हणतात, आणि परीक्षेत ते दोन गुणांपुरते येतात. आप्पांना व्याकरण ठाऊक नाही. पण 'घरघर' आणि 'खरखर' यांत काय फरक आहे आणि त्या फरकाची किंमत किती, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. आपली मुले महाराष्ट्राबाहेर वाढतात. घरात मराठी बोलतात, पण आवाज झाला की सरसकट 'आवाज येतोय' एवढेच म्हणतात. कसला आवाज, हे त्यांना विचारावे. योग्य शब्द सापडला की निम्मे निदान होते. हे गाडीचे झाले, आणि पोटदुखीचेही तेच.

एके काळी गाडी हाताने फिरविण्याचे लोखंडी हँडल असे. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांच्या कल्पनेतील विजेचा सेल्फ आला आणि ती धास्ती हळूहळू संपली. हँडल फिरविणाऱ्याला इंजिनाचे दुखणे हाताला कळत असे. आपल्या हाती फक्त किल्ली आली; म्हणून कानांनी जास्त जागे राहावयास हवे.

असो. तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही मुलांना सांगत आलो की, कोण बोलतो यापेक्षा काय बोलतो हे ऐका. स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्ही बिल वाचले आणि शेजाऱ्याचे शब्द कुंपणापलीकडे राहू दिले. बॅटरीलाही औषध झाले, सेल्फलाही झाले. रेडा मात्र आजारीच राहिला. आता रोज सकाळी गाडी सुरू करताना कुंपणापलीकडून आप्पा मान हलवितात. त्यांनी मान हलविली की आम्ही निघतो.